तीन नंबरची मागची सीट

दर्यानगरी पार्कात रोज दीड-दोन हजार माणसं भिजायला येतात आणि त्यांतली निम्मी दिवसभर न भिजण्याच्या खटपटीत असतात. तिकीट काढायचं पाण्याचं आणि मग डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून, चपला काखेत मारून, भिंतीच्या कडेकडेनं मांजरासारखं फिरायचं. या निम्म्या माणसांचा देव म्हणजे अनंता.

अनंता मुरुडच्या कोळीवाड्यातला. वय पन्नाशीच्या पुढं, छाती रुंद, पंजे वल्ह्यासारखे. पार्कातल्या ‘धबधबा सफर’ या राईडवर बोटी सोडायचं काम त्याच्याकडं. बोटी म्हणजे लाकडाच्या ओंडक्यासारखी दिसणारी फायबरची होडकी, एकामागं एक सहा माणसं बसतील अशी. आधी संथ कालवा, मग काळोखी गुहा, मग साखळीवरून चाळीस फूट वर आणि तिथून सरळ खाली तळ्यात. बघणारेसुद्धा भिजतात. पण या सगळ्या धबडग्यात बारा वर्षं उभ्या असलेल्या अनंताच्या निळ्या शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नाही. एकदा तळ्यातून उडालेलं पाणी त्याच्याकडं येताना मी पाहिलं. अनंतानं न बघता डावा पाय अर्धा फूट मागं घेतला. पाणी येऊन त्याच्या बुटापुढं पडलं आणि ओशाळल्यासारखं गटारात गेलं.

मी म्हसळा तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. दर जानेवारीत आमची सहल दर्यानगरीला जाते. सहलीतल्या गुरुजीला भिजून चालत नाही. त्याच्या पिशवीत मुलांची यादी असते, प्रथमोपचाराची पेटी असते, सहकाऱ्यांचे मोबाईल असतात आणि केंद्रप्रमुखांच्या सहीचं परवानगीपत्र असतं. मूल भिजलं तर वाळतं. परवानगीपत्र भिजलं तर पुढची तीन वर्षं त्यावर खुलासे लिहावे लागतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी, पहिल्याच सहलीत, मी अनंताला गाठलं आणि विचारलं, “कोरडं राहायचं असेल तर कुठं बसावं?”

त्यानं माझ्याकडं, माझ्या पोटाकडं आणि पिशवीकडं पाहिलं. “गुरुजी, माणूस वरनं कमी भिजतो, खालनं जास्त. बसायच्या आधी शीट पुसा. अर्धं काम झालं.”

मी पुसली.

“आता पाय. साखळीवर बोट नाक वर करती, तवा तळातलं समदं पाणी मागं येतं. तवा पाय उचलायचं. खाली सुटली की पाणी पुढं धावतं, तवा सोडायचं. गुहेत डावीकडनं गळतं, उजवीकडं कलायचं. पुढं जाडा माणूस बसवायचा. तळ्यातलं पाणी पैलं त्यालाच भेटतं.”

जाडा माणूस म्हणून आम्ही मुख्याध्यापकांना पुढं बसवलं. ते बिचारे मान समजून बसले. मी चौथ्या सीटवर होतो. खाली आलो तेव्हा मुख्याध्यापक नुकत्याच जन्मलेल्या रेडकासारखे दिसत होते आणि माझ्या परवानगीपत्रावर एक थेंब नव्हता.

“ते रेनकोट इकतात ते घेऊ नका,” अनंता वर म्हणाला. “पाणी भायेर राहतं आन् माणूस घामानं आतनं भिजतो.”

अशी आमची ओळख झाली. पण ती पक्की झाली त्याच दिवशी दुपारी, आणि ती माझ्या बोटामुळं.

बोट म्हणजे हाताचं. चोवीस वर्षं नोकरी केल्यावर शिक्षकाच्या उजव्या हाताची तर्जनी त्याच्या मालकीची राहत नाही. मुलं दिसली की ती आपोआप हलते आणि मोजते. मी बोलत असतो, खात असतो, एकदा तर एका लग्नात वऱ्हाडी मोजत होतो. माझे डोळे चुकतात, चष्मा लागला आहे. बोट चुकत नाही.

मुलं बोटीबोटीनं परत येत होती आणि मी धक्क्यावर मोजून घेत होतो. तीन नंबरची बोट आली. तिच्यात पाच मुलं सोडलेली मी पाहिली होती, कारण तिची शेवटची सीट अनंता रिकामी ठेवतो. तिच्यावर एक चौकड्यांचा पंचा अंथरलेला असतो आणि कुणी विचारलं तर तो सांगतो, “पट्टा खराब हाय.”

बोट धक्क्याला लागली. माझं बोट हललं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

“सहा,” मी मोठ्यांदा म्हणालो.

अनंताचा हात बोटी सोडायच्या दांड्यावर होता. तो तसाच राहिला. मागून आलेली बोट तीन नंबरला धडकली तरी त्यानं दांडा ओढला नाही.

“किती म्हनालात गुरुजी?”

मी पुन्हा मोजलं. पाच. “चुकलं,” मी म्हणालो. “पाचच आहेत.”

“चुकलं व्हय,” तो म्हणाला. आणि मग यंत्र थांबवून, रांगेतल्या साठ माणसांना ताटकळत ठेवून, त्यानं स्वतःच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला. देताना त्याची नजर तीन नंबरवरच होती आणि चहा माझ्या परवानगीपत्रावर सांडला. त्या पत्रावर पाण्याचा डाग पडला नव्हता, तो अखेर चहाचा पडला.

पुढच्या वर्षी गेलो तर अनंता फाटकाशीच उभा. “गुरुजी, माज्या बोटी तुमीच मोजा,” म्हणाला. मी मोजल्या. सगळ्या बरोबर आल्या. दर वेळी तीन नंबर परत आली की तो माझ्या बोटाकडं पाहायचा आणि मी “पाच” म्हटलं की दांडा ओढायचा. आनंद झाल्यासारखा नाही, निराश झाल्यासारखाही नाही. डॉक्टरनं रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल म्हटल्यावर माणूस उठतो तसा.

तिसऱ्या वर्षी रचना मॅडम आमच्या शाळेत आल्या. बाई हुशार, शिस्तीच्या, आणि केस कालच सरळ करून घेतलेले. त्यांना कोरडी सीट हवी होती. मी त्यांना अनंताचे सगळे नियम सांगितले. त्यांनी ते वर्गातल्या हुशार मुलीसारखे ऐकले आणि स्वतःचं गणित मांडलं. सगळ्यांत मागं बसलं तर पुढं पाच माणसांची भिंत. अनंता दुसऱ्या बोटीचा पट्टा आवळत वाकला होता, तेवढ्यात त्या पंचा बाजूला सारून तीन नंबरच्या मागच्या सीटवर बसल्या. पट्टा लावला. पट्टा अगदी नीट लागला. अनंता वळेपर्यंत बोट कालव्यात गेली होती.

“कोन बसलं मागं?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. कालव्यात गेलेली बोट मागं घेता येत नाही.

बोट खाली आली तेव्हा पुढच्या पाच मुलांच्या अंगावर नेहमीसारखे शिंतोडे होते. रचना मॅडमचे केस कोरडे होते, पदर कोरडा होता. पाठ मात्र मानेपासून खालपर्यंत निथळत होती आणि त्या कुडकुडत होत्या. बाहेर दुपारचं ऊन असं होतं की धक्क्याच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता.

“मागून कोणी पाणी ओतलं?” त्यांनी मला विचारलं. आवाजात राग होता, पण खाली दुसरंच काहीतरी होतं.

“मॅडम, तुमच्या मागं सीटच नाही.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. मग जीभ ओठांवरून फिरवली. “आणि हे खारट का आहे?”

मी त्याच्यावर काहीतरी विनोद केला. तो आता आठवत नाही. बरंच आहे.

त्या दुपारी मुलं जेवायला बसली तेव्हा अनंता आपला डबा घेऊन माझ्याकडं आला. कुंपणालगतच्या सुरूच्या झाडाखाली आम्ही बसलो. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. त्यानं अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली आणि पार्काकडं पाठ करून सांगायला लागला.

चौदा वर्षांपूर्वी त्याची स्वतःची होडी होती. नात्यातलं लग्न होतं, खाडीपलीकडं. वऱ्हाड त्यानंच आणायचं ठरलं. बायकोचा धाकटा भाऊ विनेश मदतीला होता. वय बावीस. लग्नासाठी पिवळा शर्ट घेतलेला, पहिल्यांदाच अंगात घातलेला. निघताना म्हणाला होता, “भावोजी, होडी सावकाश घ्या. शर्ट भिजंल.”

खाडीच्या तोंडाशी वारा फिरला. दोन लाटा आत आल्या. बायका ओरडल्या, मग हसायला लागल्या, लुगडी पिळायला लागल्या. विनेश डबा घेऊन मागं पाणी उपसत होता. अनंता सुकाणूवर, नजर समोर. मागं बघायची सोय नव्हती. धक्का आला. माणसं उतरली. कुणाचा नारळ राहिला, कुणाची चप्पल राहिली, त्यावरून चेष्टा झाली. मांडवात चहा फिरायला लागला तेव्हा अनंताच्या बायकोनं, मनुबाईनं विचारलं, “विनेश खंय हाय?”

“अर्धा तास,” अनंता म्हणाला. “उतरल्यापासनं चहापोतर अर्धा तास गेला. पोरगा पवनारा होता, गुरुजी. अर्धा तास पवला असता. आमी तवा परत फिरलो असतो तर.”

“तुला कसं कळणार होतं?”

“मोजलं असतं तर.”

अनंतानं भाकरीचा तुकडा मोडला.

“आमच्यात होडीतली मानसं मोजत न्हाईत. माजा बाप मोजायचा न्हाय, त्याचा बाप मोजायचा न्हाय. तू मोजलंस तर दर्या पन मोजतो आन् आपला वाटा काडून घेतो, म्हनायचं. म्या आयुष्यात मोजलं न्हाय. पन गुरुजी, पान्यावर मोजू नको म्हनलेलं. धक्क्यावर मोजायला कुनी मना केलंतं? जमिनीवर मोजायचं न्हाय, असं कुनी बी म्हनलं न्हवतं. माजंच डोस्कं चाललं न्हाय.”

विनेश सापडला नाही. अनंतानं होडी विकली आणि दोन वर्षांनी या राईडवर लागला. पहिल्याच महिन्यात त्याच्या लक्षात आलं की तीन नंबरची बोट रिकामी सोडली तरी मागून दबून चालते. कोळ्याचा डोळा तो. कुठल्या होडीत कुठं किती वजन आहे हे त्याला लांबून कळतं. सकाळी शेडचं दार उघडलं की बाकीच्या बोटी कोरड्या ठणठणीत आणि तीन नंबरच्या मागच्या सीटवर ओंजळभर पाणी. पार्काच्या पाण्याला औषधाचा वास येतो. त्या पाण्याला येत नसे.

“त्यो हितं आला,” अनंता साधेपणानं म्हणाला, बस आली म्हणावं तसं. “लई भिजलाय. आता कोरडा बसूंदे.”

राईडमधली सगळ्यांत कोरडी सीट कुठली हे शोधायला अनंताला वर्ष लागलं होतं. पट्टा बदलला, बोटीचं वजन इकडचं तिकडं केलं, तळ्यातल्या पाण्याची पातळी चार बोटं उतरवून घेतली, गुहेतली गळती त्या अंगानं बुजवली. तीन नंबरची मागची सीट कोरडी राहावी म्हणून. आम्ही सगळे जे नियम कौतुकानं वापरत होतो ते या शोधातले उरलेसुरले तुकडे होते.

पंचा घरून मनुबाई द्यायची. रोज सकाळी डब्याच्या पिशवीत घडी घालून. संध्याकाळी तो ओला आणि मिठानं कडक होऊन घरी जायचा. ती धुवायची, वाळत घालायची आणि सकाळी परत द्यायची. बारा वर्षं.

“ती विचारत नाही?”

“न्हाय,” अनंता म्हणाला. “म्या बी सांगत न्हाय.”

यंदा सहलीच्या आठ दिवस आधी अनंताचा फोन आला. तो फोन कधी करत नाही. त्याला फोनवर बोलताना माणूस कुठं बसलाय हे दिसत नाही म्हणून करमत नाही.

“गुरुजी, सफर बंद करतायत. बोटी भंगारात. त्या जागी गोल तराफं येनार.”

“मग तुला काढतायत का?”

“मला न्हाय. तराफं मलाच चालवायचंय. गुरुजी, ते गोल फिरतं. कोन पुडं, कोन मागं, काय कळत न्हाय. त्यात कोरडी शीट न्हायच. त्याला कुटं बसवू?”

“बघू,” मी म्हणालो, उत्तर न येणाऱ्या मुलासारखं. मुलांना भूगोलाची अवघड प्रश्नपत्रिका देणाऱ्या माणसाला कधी कधी असं व्हावं, हे योग्यच आहे.

आम्ही गेलो त्या गुरुवारी राईडचा शेवटचा दिवस होता. एक्केचाळीस मुलं मी बसवली आणि एक्केचाळीस उतरवली. चार वाजता रांग संपली. सुपरवायझर ऋत्विक आला. तरुण मुलगा, कानात सतत काहीतरी घातलेलं, पण मनानं चांगला. अनंताला काका म्हणतो.

“काका, शेवटची फेरी तुम्ही मारा. बारा वर्षांत एकदा पण बसला नाहीत. मी दांडा ओढतो.”

अनंतानं माझ्याकडं पाहिलं.

“तीन नंबर लाव,” तो म्हणाला.

बोट आली. त्यानं मागची सीट पुसली. मग पिशवीतून पंचा काढला, आज दिवसभर न अंथरता जपलेला, धुतलेला, घडीचा, आणि तिथं अंथरला. चारी कोपरे सारखे केले. स्वतः जाऊन सगळ्यांत पुढं बसला, मुख्याध्यापकांच्या जागेवर. ती जागा सगळ्यांत ओली असते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

“गुरुजी, जाताना मोजू नका,” तो पुढं बघत म्हणाला. “आल्यावर मोजा.”

बोट निघाली. जाडा माणूस पुढं, मागं कुणी नाही. तिनं नाकावर दबायला हवं होतं. मी प्राथमिक शिक्षक आहे, तरफ मीच शिकवतो. बोट मागून दबली होती.

गुहेत ती दिसेनाशी झाली. साखळीचा कटकट आवाज आला. वर, उन्हासमोर, एक क्षण तिची काळी आकृती दिसली आणि मी मान खाली घातली, कारण जाताना मोजू नका असं त्यानं सांगितलं होतं. मग पाणी फाटल्याचा आवाज आणि माझ्या पायावर शिंतोडे.

बोट धक्क्याला आली. अनंता आपादमस्तक भिजला होता. बारा वर्षांची इस्त्री एका दणक्यात गेली होती. केसांतून पाणी डोळ्यांत उतरत होतं आणि डोळे मिटलेले होते. तो मागं वळला नाही.

“किती?”

मी काही ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगतो, खोटं बोलायचं नाही आणि खरंही बोलायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. पण बोट मला विचारत नाही. ते अनंतावर गेलं. एक. पुढच्या चार रिकाम्या सीटांवरून सरकलं. शेवटच्या सीटवर येऊन थांबलं.

“दोन,” मी म्हणालो.

“नीट मोजलंत?”

मी पुन्हा मोजलं. अगदी सावकाश, पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं. एक. दोन.

अनंता उठला. होडी हलू नये म्हणून कोळी उठतात तसा, गुडघे वाकवून. धक्क्यावर आला, मागच्या सीटपाशी गेला आणि उजवा हात पुढं केला.

“उतर,” तो म्हणाला. “धक्का आला. शेवाळ हाय, पाय जपून ठेव. शर्ट बघू. हाय की कोरडा.”

बोटीचं मागचं टोक हळूहळू वर आलं. पाणी कडेला एकदा लपकलं. बोट समतोल झाली आणि रिकामी बोट उभी राहते तशी उभी राहिली.

“काका, आत घेऊ ना?” ऋत्विकनं दांड्यापाशी विचारलं. त्याला काही दिसलं असेल असं वाटत नाही. त्याच्या कानात गाणं होतं.

“घे,” अनंता म्हणाला.

धक्क्यापासून फाटकाकडं ओली पावलं गेली होती. पण पाणीबागेत ओल्या पावलांचा पुरावा कोण मानणार? दिवसभरात दोन हजार माणसं तिथून ओली गेली होती. मी एवढंच पाहिलं की अनंता त्या पावलांच्या बाजूनं चालत होता, त्यांवर पाय न देता.

मी पंचा उचलून त्याला नेऊन दिला. हातात घेतल्यावर कळलं. दोरीवरून नुकता काढल्यासारखा होता. कडक नाही, ओला नाही, उन्हाचा वास असलेला. अनंताचे स्वतःचे दात वाजत होते. मी म्हणालो, “पुस की डोकं, तोच घे.” त्यानं मान हलवली आणि पंच्याची घडी घालायला लागला, ओल्या हातांचा डाग पडू नये म्हणून बोटांची टोकंच वापरून.

“ह्यो असाच घरी नेयाचाय,” तो म्हणाला. “आज मनूला वाळत घालायला काय न्हाय.”